ड्रॉपडाऊनमध्ये नसलेला देश

वेबसाइटवर फॉर्म भरताना 'कंट्री'चा ड्रॉपडाऊन येतो ना, तो बनवणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. आयएसओची यादी उचलायची, चिकटवायची आणि चहाला जायचं. मीही कित्येकदा हेच केलंय. त्या यादीत कोसोव्हो नाही हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली. ती यादी संयुक्त राष्ट्रांच्या नावांवरून बनते आणि कोसोव्हो तिथे सदस्य नाही, त्यामुळे अधिकृत कोडही नाही. लोक 'एक्सके' हा कामचलाऊ कोड वापरून वेळ भागवतात.

असो. आज लिहायचंय ते मायलिंदा केलमेंदीबद्दल. या मुलीचं निम्मं करिअर या ड्रॉपडाऊनशीच कुस्ती करण्यात गेलं. म्हणजे, ज्युदो :)

मायलिंदा १९९१ची, कोसोव्होतल्या पेया गावची. १९९८-९९च्या युद्धात हे गाव अक्षरशः बेचिराख झालं होतं. युद्ध संपलं त्या सुमारास, आठेक वर्षांची असताना, ती ज्युदो शिकायला लागली. तिचे प्रशिक्षक द्रितॉन कूका. हे स्वतः युगोस्लाव्हियाचे चांगले खेळाडू, १९९२चं बार्सिलोना त्यांच्या अगदी टप्प्यात होतं. पण देश फुटला आणि त्यांचं ऑलिंपिक राहूनच गेलं. महिलांचा ज्युदो पदकासाठी पहिल्यांदा खेळला गेला तोही नेमका बार्सिलोनातच. आपलं राहिलेलं स्वप्न त्यांनी गल्लीतल्या पोरींच्या हाती दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ला स्वातंत्र्य जाहीर केलं. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या लेखी देशच नाही, तर संघ कुठला? २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मायलिंदाला अल्बानियाच्या नावाने उतरावं लागलं. तिथे ती लवकरच हरली. दुसऱ्या देशांकडून पैशांची आमिषंही आली होती. तिशीच्या आत निवृत्त होण्याच्या या खेळात "थांबते, देशाला मान्यता मिळू दे" म्हणणं सोपं नाही हो. आपण तर पगारात वीस टक्के वाढ मिळाली की कंपनी बदलतो!

पुढच्याच वर्षी, २०१३ला, रिओमध्ये ती ५२ किलो गटात जगज्जेती झाली, आणि तीही कोसोव्होच्या नावाने, कारण ज्युदोच्या जागतिक महासंघाने तोवर कोसोव्होला सदस्य करून घेतलं होतं. २०१४ची जागतिक स्पर्धा रशियात. रशिया कोसोव्होला मानत नाही, म्हणून तिला महासंघाच्या झेंड्याखाली खेळायला लावलं. तिने तिथेही सुवर्ण जिंकलं. झेंडा बदलता येतो, खांद्यावरून फेकणं तेच राहतं.

डिसेंबर २०१४ला ऑलिंपिक समितीने अखेर मान्यता दिली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कोसोव्होचे आठ खेळाडू पहिल्यांदाच चालत आले आणि पुढे झेंडा घेऊन मायलिंदा. ७ ऑगस्टला अंतिम फेरीत तिने इटलीच्या ओदेत्ते जुफ्रिदाला हरवलं. देशाचं पहिलंच ऑलिंपिक, पहिलंच पदक, आणि ते सुवर्ण. कोसोव्होच्या राष्ट्रगीताला शब्द नाहीत, नुसती धून आहे. कुठल्या भाषेत म्हणायचं हा वादच नको! त्या धुनीवर ती पदक घेऊन उभी होती.

पण मला खरी गोष्ट पुढची वाटते. टोकियोत, जुलै २०२१मध्ये, मायलिंदा पहिल्याच लढतीत हरली. आदल्या दिवशी तिच्याच क्लबमधल्या दिस्त्रिया क्रास्निचीने ४८ किलोत सुवर्ण घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नोरा जाकोवाने ५७ किलोत. मधला दिवस तेवढा रिकामा. त्याच वर्षी मायलिंदा निवृत्त झाली आणि प्रशिक्षक झाली. २०२४च्या पॅरिसमध्ये दिस्त्रियाने रौप्य मिळवलं, ते ५२ किलोत, म्हणजे मायलिंदाच्याच गटात. सगळ्या देशाची लोकसंख्या साधारण १६ लाख, पुण्याच्या निम्मीही नाही.

आता आपल्या घरचं. भारताने आजवर कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. नोव्हेंबर २०१८ला दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली, तेव्हा कोसोव्होच्या दोन्येता सादिकूला व्हिसाच मिळाला नाही. परराष्ट्र धोरणामागे कारणं असतात, काश्मीरचा संदर्भ असतो, ते मला कळतं. पण एक पोरगी वर्षभर सराव करते आणि शेवटी यादीत नाव नाही म्हणून घरी बसते, हेही कळतं. तिला हरवायचंच होतं तर रिंगमध्ये हरवायचं ना!

परवा एका प्रोजेक्टमध्ये पुन्हा ती यादी समोर आली. यावेळी चहाला जायच्या आधी मी एक ओळ हाताने वाढवली. रिव्ह्यूमध्ये ज्युनियरने विचारलं, "सर, हे स्टँडर्डमध्ये नाहीये, कुठून आलं?"

म्हटलं, "बस, सांगतो. एक मुलगी होती, पेया गावची..."