बीटा-ग्राही आणि उंदराचे हृदय : एका अनुमानाचा इतिहास

उमरगा येथील औषधाच्या दुकानात आज मेटोप्रोलॉलची गोळी सहज मिळते, आणि हृदय दुर्बल झालेल्या, परंतु स्थिर प्रकृतीच्या रुग्णास वैद्य ती निःशंकपणे देतात. पन्नास वर्षांपूर्वी हाच उपचार प्रमाद मानला गेला असता. हे मतांतर घडत असता प्रयोगशाळेतील उंदराने दोन परस्परविरोधी साक्षी दिल्या.

अॅड्रिनॅलिन हे आल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या ग्राहींच्या द्वारे कार्य करते, असे रेमंड अॅल्क्विस्ट यांनी १९४८ साली प्रतिपादिले. हृदयाची गती व आकुंचनशक्ती मुख्यतः बीटा-ग्राहींच्या अधीन असते. (पुढल्याच वर्षी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. तिच्यातील रेसर्पिन मज्जातंतूंतील नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा रिता करते, हे मागाहून कळले. या उत्तेजनास आवर घालण्याचा उपाय आपल्याकडे अपरिचित नव्हता, पण त्याचे लक्ष्य रक्तदाब होते.)

निकामी होत चाललेल्या मानवी हृदयात बीटा-ग्राहींची संख्या सुमारे निम्म्याने घटते, असे मायकेल ब्रिस्टो यांच्या गटाने १९८२ साली दाखविले. या घटीचे दोन अर्थ संभवत होते. ती न्यूनता मानावी, तर ग्राही वाढविणे हा उपचार ठरतो. अतिउत्तेजनापासून हृदयाने केलेला तो बचाव मानावा, तर ग्राही वाढविणे हा अपाय होय. पहिला अर्थ अधिक सोयीचा होता.

१९९४ साली ड्यूक विद्यापीठात लेफ्कोविट्झ यांच्या गटाने मानवी बीटा-२ ग्राहीचे जनुक उंदराच्या हृत्स्नायूत कार्यान्वित केले. ग्राहींची संख्या २०० पटींहून अधिक वाढली, आणि उत्तेजक न देताही हृदय जवळजवळ कमाल शक्तीने आकुंचन पावू लागले. जनुकोपचाराची आशा यातून बळावली. मात्र हे निरीक्षण अल्पकाळाचे होते.

पाच वर्षांनी, १९९९ साली, जर्मनीतील लोझे यांच्या गटाने बीटा-१ ग्राहीची अतिनिर्मिती करणाऱ्या उंदरांवर दीर्घकाळ लक्ष ठेविले. तरुणपणी त्यांचेही हृदय अधिक जोमाने चाले. पण स्नायुपेशी फुगत गेल्या आणि ३५ व्या आठवड्यास आकुंचनशक्ती जवळजवळ निम्मी उरली. उंदराचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे, हे ध्यानी घेता हा काळ थोडा नव्हे. तरुणपणीच मोजमाप आटोपले असते, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

तथापि उपचार उंदराने शोधून दिला, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे १९७५ सालीच सात रुग्णांना बीटा-रोधक देऊन लाभ झाल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि ते बहुतेकांनी दुर्लक्षिले. १९९९ साली २,६४७ रुग्णांवरील बिसोप्रोलॉलच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले. औषध आधी आले. उंदराने त्यामागील कारण दाखविले.

बीटा-२ चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे ठरले. लिगेट यांच्या गटाने २००० साली दाखविले की, ६० पट अतिनिर्मिती असलेले उंदीर वर्षभर सुखरूप राहिले. ३५० पट झालेल्यांचे हृदय तंतुमय होऊन पसरले, आणि त्यांतील निम्मे २५ आठवड्यांत दगावले. १९९४ च्या उंदरांतील प्रमाण या दोन टोकांच्या मधले होते.