कागदाची पाटी

आमच्याकडं पाट्या दोन. एक शाळेतली, दुसरी डोक्यावरची. ही हकिकत दुसरीची, पण पहिलीशिवाय ती सांगता येत नाही.

निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला आणि बारामती-इंदापूरची बागायत त्यावर उभी राहिली. आमचं गाव मात्र इंदापूरच्या जिराईत पट्ट्यातलं. भाकरी, पीठ, बियाणं ठेवायला बुरडाची पाटी शेणामातीनं सारवून घ्यायची, ही जुनी रीत. कागदाच्या लगद्याची पाटी त्यामानानं अलीकडची. जुनी असेलच कशी? घरात रद्दी यायला आधी घरातलं कुणीतरी शाळेत जावं लागतं. काश्मिरात पंधराव्या शतकापासून लगद्याच्या वस्तू होतात, पण त्या कारागिरांच्या, नक्षीच्या. आमच्याकडं हे काम आयाबायांचं.

आई चार दिवस कागद भिजत घालायची, वेगळी मेथी भिजवायची. मग दोन्ही उखळात, लोण्यासारखं होईस्तोवर. "तुकडा ऱ्हायला की तिथंच तडकती बघ," म्हणायची. मडकं पालथं घालून वर ओलं फडकं टाकायचं, नाहीतर लगदा धरून बसतो. बुडापासून खाली थापत यायचं, करंगळीएवढा थर. मडक्याच्या पोटाखाली मात्र उतरायचं नाही. उतरलं की वाळल्यावर पाटी निघतच नाही. आधी सावली, मग ऊन, शेवटी चिंचोक्याच्या खळीचा हात. मेथीच्या कडूपणानं कीड लागत नाही, असं बायका सांगत. कागदाचा तंतू ताण सोसतो, मेथीचा चिकटा त्याला बांधतो. हल्ली फायबरच्या टाक्या करतात, त्यात काचेचा धागा आणि रेझिन असतं. युक्ती तीच.

मी १९७६ ला दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा सुरू झाली, त्याला तेव्हा एकच वर्ष झालेलं. पुढं शिकायला पैसा नव्हता. त्या उन्हाळ्यात माझ्या वह्या भिजत पडल्या. भूमितीची तेवढी मी मागितली.

"आता काय करायची रं ती?" आई म्हणाली.

मला सांगता येईना. तिला अक्षर येत नव्हतं. कुटताना बोटांना निळी शाई लागायची, ती पदराला पुसायची आणि पुन्हा मुसळ उचलायची.

पुढं स्टील आलं, प्लास्टिकची घमेली आली, आणि उखळ मिक्सरनं घालवलं. ती पाटी आहे अजून. काठ एका जागी उंदरानं कुरतडलाय, बाकी धड आहे. सूनबाई तिच्यात लसूण ठेवते.