पुणे-मुंबई : वेळ खाणारा घाट

फोनवर 'पुणे ते मुंबई' टाका. साधारण दीडशे किलोमीटर, तीन-साडेतीन तास. (शुक्रवारी संध्याकाळी टाकू नका, उगाच मनस्ताप.) रेल्वेने हेच अंतर १९२ किलोमीटर होतं, कारण गाडी कर्जत-कल्याणला वळसा घालून जाते. पण या प्रवासात अंतराचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो मधल्या बोरघाटाचा.

१८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात घाटात गाडीरस्ता झाला. त्याआधी चाकांची गाडी घाट चढूच शकत नव्हती. माल बैलांच्या पाठीवर, साहेब पालखीत, बाकीचे पायी. पुढे पनवेलपासून मुंबईपर्यंत होडी. म्हणजे हा प्रवास तासांत नाही, दिवसांत मोजायचा.

मग रेल्वे आली. आणि इथे मला सगळ्यात आवडणारा तुकडा येतो. खालून रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचले, वर पुणे-खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला घाट रिकामाच! पुढची पाच वर्षं लोक खंडाळ्याला उतरायचे, पालखीत, तट्टूवर नाहीतर चालत घाट उतरायचे आणि खाली दुसरी गाडी पकडायचे. आपण प्लॅटफॉर्म बदलायला लागला तरी कुरकुरतो.

तो पंचवीसेक किलोमीटरचा तुकडा जोडायला काय लागलं? २५ बोगदे, साडेपाचशे मीटरची चढण, आणि माणसं. १८६१ मध्ये एका वेळी ४० हजारांच्या वर मजूर तिथे राबत होते. मजुरीवरून १८५९ च्या सुरुवातीला दंगा झाला. कॉलराने, सुरुंगांनी, दरडींनी हजारो गेले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हातात घेतलं, इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. अ‍ॅलिसचं नाव निदान कागदावर राहिलं. दगड फोडणाऱ्या बायाबापड्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटातली वाट एका धनगराने दाखवली आणि त्यात त्याचाच जीव गेला, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण माझे बाबा तिथून जाताना गाडीचा वेग कमी करतात आणि खिडकीतून नाणं टाकतात. ट्रकवालेही टाकतात. मला ही कथा खरी वाटते ती एवढ्याचसाठी, की नाव नसलेल्या कुणाला तरी लोकांनी नाव दिलं.

आता गंमत ऐका. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती पावणेतीन तासांत पोचायची. आज मुंबईहून पुण्याला यायला तिला सव्वातीन तास लागतात! थांबे वाढले, रुळांवर लोकलची गर्दी वाढली. आणि घाट आहे तिथेच आहे.

म्हणून मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबली की डबा सोडून जरा मागे बघा. वर ढकलायला मागे जादा इंजिनं लावतात. वडापाव घ्यायला तेवढा वेळ पुरतो, फक्त सुट्टे पैसे तयार ठेवा.