संगीताचे वतन

आठवीच्या वर्गात मोगलकालीन कलांचा विषय निघाला होता. तानसेनाचे नाव आले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दुनिया में सब से अच्छी मौसिकी कौन से मुल्क की है?" आम्ही उत्तर देण्याआधीच वर्गात वाद सुरू झाला. एकाने हिंदुस्तान म्हटले. दुसऱ्याने गझल आणि कव्वालीचा दाखला देत पाकिस्तानचे नाव घेतले आणि लगेच जीभ चावली. तिसऱ्याने मोबाइलवर तुर्की मालिका पाहिल्या होत्या, त्याने तुर्कस्तानच्या बाजूने मत दिले. पहिल्या बाकावर बसणारा, कुराण पाठ करीत असलेला एक मुलगा मात्र हळूच म्हणाला, "सर, मौसिकी तो मना है न?" तेवढ्यात घंटा झाली.

घंटेने आम्हाला वाचवले असे त्या दिवशी वाटले. पण इतिहास शिकवणाऱ्याने घंटेच्या आडोशाला फार काळ उभे राहू नये. प्रश्न चार होते. देश कोणता, हा उघड प्रश्न. शेजारी देशाचे नाव घेताच मुलाने जीभ का चावली, हा दुसरा. परक्या देशाची मालिका पाहणाऱ्याला आपल्या जिल्ह्यातला गवई का ठाऊक नाही, हा तिसरा. आणि जे मना आहे असे आपण म्हणतो त्याच्याशी आपल्या बुजुर्गांचे नाते काय होते, हा चौथा. या चौथ्या प्रश्नावर उलेमांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. काय घडले, एवढेच आम्ही सांगू शकतो.

जगातले उत्तम संगीत निवडण्याचा प्रयत्न एकदा खरोखरच झाला आहे. १९७७ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात पाठवली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. पुढे कधी परग्रहावरच्या कुणाला ती सापडलीच, तर पृथ्वीवर कोण राहत होते हे त्याला कळावे, हा हेतू. तबकडीवर ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे, हे आम्हाला विशेष वाटते. शिवाय सुमारे दीड तासाचे संगीत आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या जगातून २७ रचना निवडल्या आणि यादीत बहुतेकांपुढे देशाची किंवा प्रदेशाची नावे घातली. निवड करणारे पाश्चात्त्य होते, त्यामुळे एकट्या बाखच्या तीन आणि बीथोव्हेनच्या दोन रचना आल्या. तरीही ही यादी आमच्या वर्गातल्या वादापेक्षा नक्कीच अभ्यासपूर्ण होती.

या यादीतली देशांची नावे आज वाचावीत. एका रचनेपुढे झाईर लिहिले आहे. त्या नावाचा देश १९९७ पासून नकाशावर नाही, आज तो काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक आहे. जॉर्जियातील समूहगान आणि अझरबैजानातील वाद्यसंगीत यांच्यापुढे सोव्हिएत प्रजासत्ताकांची नावे आहेत. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला. सॉलोमन बेटे त्या वेळी ब्रिटिशांच्या ताब्यात होती, ती १९७८ साली स्वतंत्र झाली. बाखचे नाव आपण जर्मनीशी जोडतो. पण यादीत ज्याचा एक भाग आहे तो ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंचा संच त्याने १७२१ साली एका सरदाराला अर्पण केला, तेव्हा तो क्योथेन या लहानशा संस्थानाच्या राजपुत्राच्या चाकरीत होता. जर्मनी हा एकसंध देश १८७१ साली झाला. म्हणजे देश मागाहून आले, काही आले आणि गेलेही. गाणे होते तिथेच आहे.

अमेरिकेच्या नावावर या यादीत चार रचना आहेत. त्यांपैकी तीन कृष्णवर्णीयांच्या आहेत: चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग आणि ब्लाइंड विली जॉन्सन. चौथी नवाहो आदिवासींची. जॉन्सन अंध होता, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर गाऊन पोट भरत असे आणि १९४५ साली दारिद्र्यातच वारला. ज्या माणसांना त्या देशाने पिढ्यान् पिढ्या मागच्या दाराने ये-जा करायला लावली, त्यांचेच गाणे त्याने आपली ओळख म्हणून अवकाशात पाठवले. ही गोष्ट आम्हाला त्या यादीतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

आता आपल्याकडे येऊ. भारताच्या नावावर एकच रचना आहे, केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी. तिचा काळ साडेतीन मिनिटे. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत वारल्या.

यादीत भारत लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अंगाने थोडे खोलात गेले पाहिजे. केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातल्या केरी गावचा. म्हणजे जन्माने त्या पोर्तुगीज राजवटीच्या प्रजाजन. जन्म कलावंत समाजातला. ज्या समाजातल्या बायकांचे गाणे लोकांना हवे असे, पण त्यांना पंगतीला बसवायला कुणी तयार नसे. लहानपणी काही महिने त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे त्या शिकल्या. पण त्यांची गायकी घडली ती अल्लादिया खाँसाहेबांकडे. १९२१ च्या सुमारास त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि ही तालीम खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत चालली.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजपुतान्यातल्या उनियाऱ्याचा. आपले पूर्वज गौड ब्राह्मण होते आणि नंतर मुसलमान झाले, अशी हकिकत त्यांच्या घराण्यात सांगितली जाई आणि ते स्वतःही ती अभिमानाने सांगत. तरुणपणी अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात अतिगाण्याने त्यांचा आवाज गेला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाणे. पुढे आवाज परतला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. दुसरा एखादा नशिबाला दोष देत बसला असता. खाँसाहेबांनी आहे त्या आवाजाला मानवेल अशी नवी गायकी बांधली: वळणावळणाची, अवघड, अनवट रागांची. तिलाच आज आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो. म्हणजे देशाचे सोडाच, हे गाणे ज्या गळ्यातून आले तो गळाही आधीचा राहिलेला नव्हता.

या गाण्याला आसरा मिळाला तो कोल्हापुरात. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतले. १९२२ साली महाराज वारले तोवर ते कोल्हापुरात होते, त्यानंतर मुंबईला आले. आम्हा मुसलमानांना शाहू महाराज आठवतात ते १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीमुळे आणि तिच्या मुस्लिम बोर्डिंगमुळे. कुस्तीगीर त्यांना तालमींसाठी आठवतात. गवई अल्लादिया खाँसाहेबांसाठी. ही तीन वेगवेगळी पुण्यकर्मे आहेत असे आम्हाला वाटत नाही. ज्याच्या अंगी काही आहे त्याला उभे राहायला जागा द्यायची, हे एकच धोरण त्यामागे होते.

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'वतन' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जिथे आपण जन्मलो तो मुलूख. मराठीत वतन म्हणजे सेवेच्या बदल्यात मिळालेला हक्क, जमीन वा उत्पन्न. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन. आम्ही वर्गात उर्दू बोलतो आणि बाजारात मराठी, त्यामुळे हे दोन्ही अर्थ आमच्या कानात एकाच वेळी वाजतात. संगीताचे वतन कोणते, असे मुलांनी विचारले ते उर्दू अर्थाने. इतिहास उत्तर देतो ते मराठी अर्थाने. जो चाकरी करील, त्याचे वतन.

मराठी अर्थालाही पुढे कीड लागली होती, हे सांगितले पाहिजे. सेवा मागे पडली आणि जन्म तेवढा उरला. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले, ते यासाठीच. त्यांच्या दरबारच्या गवयाने आपल्या विद्येच्या वतनाचे काय केले? मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या मुलांना त्यांनी विद्या दिली, हे तर रीतीला धरूनच होते. पण केसरबाईंना दिली, कुर्डीच्या मोगूबाईंना दिली. भास्करबुवा बखल्यांसारख्या ब्राह्मण शिष्यालाही दिली. हे सारे सहज घडले असे नाही. उस्ताद विद्या हातची राखीत, शिष्याची कसोटी पाहत, केसरबाईंनाही त्यांचा होकार सहजासहजी मिळाला नव्हता. पण एकदा गंडा बांधल्यावर जन्म कुठला हा प्रश्न उरला नाही, रियाज किती हा प्रश्न उरला.

खाँसाहेब १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत वारले. स्वतंत्र भारत त्यांनी पाहिला नाही, पाकिस्तानही नाही. त्यांच्या हयातीत उनियारा जयपूरच्या राज्यात होते, कोल्हापूर संस्थान होते, मुंबई इंग्रजांची होती आणि शागिर्दीचे गाव पोर्तुगिजांचे. चार मुलखांतून वाहत आलेले ते गाणे आज एका देशाच्या नावाने ताऱ्यांकडे निघाले आहे.

पुढच्याच वर्षी मुलूख वाटले गेले आणि गाण्याच्याही वाटण्या झाल्या. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे, त्यावरून घराण्याचे नाव किराना. ते मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर पुण्यात गात राहिल्या. त्यांच्याच नात्यातल्या आणि त्यांच्याच शागीर्द रोशन आरा बेगम १९४८ साली मुंबई सोडून पाकिस्तानातल्या लालामुसा या गावी गेल्या आणि तिथे 'मलिका-ए-मौसिकी' म्हणून ओळखल्या गेल्या. उलट कसूरचे बडे गुलाम अली खाँसाहेब फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानात राहून परत आले. मोरारजी देसाई यांच्या साह्याने १९५७ साली त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. १९६० च्या 'मुघल-ए-आझम' चित्रपटात तानसेनासाठी त्यांचाच आवाज आहे. १९६८ साली हैदराबादेत ते वारले आणि तिथल्याच मातीत त्यांना दफन केले. आता रोशन आरांचे गाणे पाकिस्तानचे आणि हिराबाईंचे भारताचे, असे म्हणायचे का? सीमारेषा मधून गेली, पण षड्ज दोन्हीकडे तोच राहिला.

देशाचा वाटा काहीच नाही, असे आम्हाला म्हणायचे नाही. देश गाणे जन्माला घालत नाही, पण त्याला राहायला जागा देतो किंवा देत नाही. कोल्हापूरने दिली. मिरजेने दिली. म्हणून कोणत्या देशाचे संगीत श्रेष्ठ, हा प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. परक्या गावच्या, परक्या धर्माच्या, खालच्या मानलेल्या जातीच्या गवयाला कुणी दार उघडले? हे मोजमाप लावले तर महाराष्ट्राची मान ताठ राहील असा इतिहास आपल्याकडे आहे. प्रश्न आहे तो आजच्या दारांचा. त्यात आमचेही एक दार आहे. अल्लादिया खाँसाहेबांचे नाव आमच्या मुलांना माहीत नाही, याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. गाणे मना आहे की नाही हा वाद चालू राहील, पण बुजुर्गांची मेहनत विसरून जाणे कुठल्याच मजहबाने शिकवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर देशाचे नाव लिहिले नाही. उनियारा, कोल्हापूर, केरी, मुंबई अशी चार नावे लिहिली आणि मुलांना नकाशात शोधायला सांगितले. मग खाँसाहेबांची आणि त्यांच्या शागिर्दीची गोष्ट सांगितली. जीभ चावणाऱ्या मुलाला मुद्दाम रोशन आरा बेगमचे नाव वहीत लिहायला सांगितले, मिरजेसकट. कुराण पाठ करणारा मुलगा तास संपेपर्यंत काही बोलला नाही. बाहेर पडताना मात्र त्याने विचारले, "सर, वो तबकडी अब कहाँ तक पहुँची होगी?" दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत, एक २०१२ साली आणि दुसरे २०१८ साली, असे आम्ही त्याला सांगितले. तिथे कुठलाच मुलूख नाही.