साखळी कोणी सोडविली?



मराठी माणसाला वेडाची थट्टा करावयाची झाली म्हणजे तो दोन गावांची नावे घेतो, एक ठाणे आणि दुसरे येरवडे. ‘याला आता ठाण्याला पाठविले पाहिजे’ हे वाक्य ज्याने उभ्या आयुष्यात उच्चारले नाही असा मनुष्य आपल्या वसई-विरारात शोधूनच काढावा लागेल. जी गोष्ट थट्टेचा विषय होते तिचा इतिहास सहसा कोणी वाचीत नाही. म्हणून आज आम्ही त्या थट्टेमागच्या भिंतीच्या आत जाण्याचे योजिले आहे. तेथे कोणाला कोंडले होते हे पुष्कळांनी लिहिले आहे. तेथे रात्रपाळीला जागे कोण होते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतील कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, आणि वाचन झाले ते रात्री, मिळेल त्या पुस्तकातून. पण या कामाने आम्हांला एक खोड लावली. कोठे काही चांगले घडले असे ऐकले, की ते कोणाच्या हातांनी घडले हे विचारावेसे वाटते. मनोरुग्णसेवेच्या इतिहासाला आम्ही हाच प्रश्न घातला, आणि उत्तर निघाले ते ऐकण्यासारखे आहे.

प्रारंभ पॅरिस शहरापासून करू. फिलिप पिनेल या फ्रेंच वैद्याने वेड्यांच्या बेड्या तोडल्या, असे आपण ऐकत आलो आहो. 1876 साली एका चित्रकाराने या प्रसंगाचे भव्य चित्र काढले, आणि तेव्हापासून ही कथा लोकांच्या मनात पक्की बसली. परंतु बिसेत्र येथील पुरुषांच्या इस्पितळात 1797 साली साखळ्या काढल्या गेल्या तेव्हा पिनेल तेथे नव्हते. ते दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या इस्पितळात गेले होते. साखळ्या काढविल्या त्या झां बातिस्त प्युसँ या इसमाने. हा कोण? धंद्याने कातडी कमावणारा. 1771 साली गंडमाळांचा रोगी म्हणून तो बिसेत्रमध्ये आला, बरा झाला, तेथेच नोकरीस राहिला आणि पुढे वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्याची पत्नी मार्गरीत हीही त्याच्याबरोबर रुग्णांची सेवा करी.

या प्युसँने प्रथम काय केले हे लक्षात घ्या. रोग्यावर हात उगारावयाचा नाही, असा नियम त्याने आपल्या नोकरांना घातला आणि जे ऐकेनात त्यांना काढून टाकले. त्यांच्या जागी त्याने बरे होत आलेल्या रोग्यांतून माणसे निवडली, कारण कोंडले जाणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. ही माणसे तयार झाली, मग साखळ्या गेल्या. भडकलेल्या रोग्यासाठी अंग आवळणारा अंगरखा मात्र त्याने ठेवला होता. इतिहास सांगताना तेही झाकून ठेवू नये. पिनेल यांचा मोठेपणा असा, की त्यांनी या अशिक्षित मनुष्याचे ऋण आपल्या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले आणि पुढे त्याला आपल्या इस्पितळात बोलावून घेतले. चित्र लोकांच्या लक्षात राहिले. ऋणाची कबुली ग्रंथातच राहिली.

आता इंग्लंडकडे वळू. 1839 साली लंडनजवळच्या हॅनवेल येथील इस्पितळात डॉक्टर जॉन कोनोली यांनी रोग्यांना बांधून ठेवण्याची सर्व साधने बंद केली. दोर काढला तर दोराच्या जागी माणूस उभा करावा लागतो, हा हिशेब त्यांनी ओळखला होता. पुरेसे आणि चांगल्या स्वभावाचे सेवक असतील तरच हे चालेल, असा त्यांचा आग्रह असे. पण इस्पितळे फुगत गेली, एकेका सेवकाच्या वाट्याला येणारे रोगी वाढले, आणि बांधण्याचे व कोंडण्याचे प्रकार निरनिराळ्या नावांनी परत आले. 1885 साली तेथे सेवकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली आणि 1891 पासून त्यांची परीक्षा सुरू झाली. सेवकाचे काम ही शिकण्याची विद्या आहे, हे मान्य व्हायला एवढा काळ लागला.

1910 साली या सेवकांनी आपली युनियन स्थापन केली. 1922 साली नॉटिंगहॅमजवळच्या रॅडक्लिफ येथे पगार कमी करून कामाचे तास वाढविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा परिचारिका व सेवक वॉर्डांची दारे आतून लावून रोग्यांसह आत बसले. पोलीस दारे फोडून आत शिरू लागले, त्या वेळी कित्येक रोगी सेवकांच्या बाजूने उभे राहिले. संप मोडला आणि संपकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आम्ही युनियनवाले म्हणून हा प्रसंग अभिमानाने सांगतो असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु त्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. ज्यांना जग ‘यांना काही कळत नाही’ म्हणते, त्यांनी आपल्याशी माणुसकीने वागणारे कोण हे बरोबर ओळखले होते.

आता आपल्या घरी येऊ. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, त्या काळी मुंबईचे वेड्यांचे इस्पितळ कुलाब्यास होते. 1858 सालचा कायदा तेव्हा चालू होता. त्याचा सारा रोख मॅजिस्ट्रेट, दाखला आणि बंदोबस्त यांवर होता. कुलाब्यास गर्दी मावेना, तेव्हा नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून 1901 साली ठाण्यास नौपाडा येथे इस्पितळ उभे राहिले. आपला तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी मोठ्या सरकारी मनोरुग्णालयाची आपली वाट आजही घोडबंदरवरून ठाण्याकडेच जाते.

1912 साली नवा कायदा आला, आणि 1920 नंतरच्या काळात ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी लागली. पाटीमागे काय होते ते 1946 सालच्या भोर समितीच्या अहवालात वाचावे. समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील अशा इस्पितळांची पाहणी केली होती. साऱ्या देशात 19 इस्पितळे आणि 10,181 खाटा. म्हणजे चाळीस हजार लोकवस्तीमागे सुमारे एक खाट. इंग्लंडात तेव्हा तीनशे लोकांमागे एक होती. बहुतेक इमारती कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या, आणि उपचारापेक्षा पहारा महत्त्वाचा. ज्या सेवकाला पहारेकरी म्हणून नेमले, त्याच्याकडून शुश्रूषेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

स्वातंत्र्यानंतर दोन चांगल्या गोष्टी झाल्या. 1954 साली बंगलोरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि मनोरुग्णांच्या परिचर्येचे खास शिक्षण परिचारिकांना तेथे मिळू लागले. त्याच दशकात अमृतसरच्या इस्पितळात डॉक्टर विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन राहावयास बोलावले. आई-बाप, भाऊ-बहिणी रोग्याची सेवा कशी करावी हे तेथे शिकले आणि त्याला घेऊन घरी गेले. इकडे अमेरिकेत 1952 साली हिल्डगार्ड पेप्लाउ या परिचारिकेने ग्रंथ लिहून दाखविले, की परिचारिका आणि रोगी यांच्यात जे नाते जुळते तेच उपचाराचे साधन आहे. नवी औषधे याच सुमारास आली. त्यांनी मोठे काम केले यात शंका नाही. पण गोळी रोग्याच्या हातावर ठेवणारे माणूस लागतेच, आणि ती गोळी विश्वासाने गिळली जाते की जिभेखाली दडवली जाते हे त्या माणसावर ठरते.

अंधारही संपला नव्हता. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या 28 जणांना पळता आले नाही. बिसेत्रच्या साखळ्या निघून दोनशे चार वर्षे झाली होती.

आज 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे. 29 मे 2018 पासून तो अमलात आला. रोग्याला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली आहे, एकांतकोठडीसही मनाई केली आहे. तात्काळ धोका टाळण्यासाठी बांधावेच लागले तर ते अत्यावश्यक तेवढाच वेळ, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि लेखी नोंद करून. आणि रोग्याने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे. पण या कायद्यातील 97 व्या कलमात आणखी एक वाक्य आहे, ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. केवळ नोकरवर्ग कमी आहे या सबबीवर रोग्याला बांधता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. कोनोलींना जो हिशेब कळला होता तो आपल्या कायद्यात उतरला. रिकाम्या जागा आणि रोग्याच्या मनगटावरचा दोर यांचा संबंध कायद्यानेच ओळखला आहे. म्हणून परिचारिकांची पदे भरा अशी मागणी युनियन करते, तेव्हा ती रोग्याचीही मागणी असते.

तथापि माणसे वाढली म्हणजे करुणा आपोआप येईल, असे आमचे म्हणणे नाही. दहा माणसे मिळूनही क्रूर होऊ शकतात. वॉर्डाचे वळण वॉर्ड चालविणारी व्यक्ती ठरवते. आपल्याकडे तिला परिसेविका म्हणतात. तिच्या हाताखाली अधिपरिचारिका आणि कक्षसेवक, वर अधिसेविका. पाळी बदलताना ती काय विचारते ते पाहा. ‘किती जणांनी त्रास दिला?’ असे विचारील तर वॉर्ड पहाऱ्याचा होतो; ‘रात्री कोण झोपले नाही, कोण जेवले नाही?’ असे विचारील तर तोच वॉर्ड शुश्रूषेचा होतो. रोगी संतापून उठला की अंगावर धावून जाणाऱ्याला ती मागे घेते आणि ज्याचे तो ऐकतो त्याला पुढे करते. सेवकाला मार बसला तर त्याची चौकशी ती आधी करते, कारण ज्याची कोणी विचारपूस करीत नाही तो दुसऱ्याची करीत नाही. कारखान्यातही आम्ही हेच पाहिले. वरून शिवी मिळालेला मुकादम ती शिवी खाली पोचवितो. वॉर्डात सर्वांत खाली रोगी असतो, आणि त्याला पुढे पोचविण्यास कोणी नसते.

भाषेचेही तसेच. पन्नाशीच्या गृहस्थाला ‘ए, इकडे ये’ म्हणणारा वॉर्ड आणि ‘काका, चला, दाढी करू’ म्हणणारा वॉर्ड यांत पैशाचा फरक काहीच नाही. आपल्याकडचा कोणी सामवेदी बोलणारा, कोणी वाडवळी, कोणी आगरी. परक्या जागी गोंधळलेल्या अशा मनुष्याला आपल्या बोलीतले दोन शब्द ऐकू आले तर त्याचा जीव थाऱ्यावर येतो. आपल्या वसईतून कितीतरी मुली परिचारिका होऊन बाहेर पडल्या आहेत. त्यांतल्या काहींनी या शाखेकडे वळावे आणि आपण त्यांना मागे खेचू नये, एवढी विनंती करण्याचा अधिकार आम्ही वडीलकीच्या नात्याने घेतो.

प्युसँ, हॅनवेलचे सेवक, रॅडक्लिफच्या परिचारिका, अमृतसरच्या तंबूतले नातेवाईक यांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. साखळी बाहेरून हुकूम आला म्हणून सुटत नाही. तिच्या जागी उभे राहण्यास आतले माणूस तयार असावे लागते, आणि त्या माणसाच्या पाठीशी बाहेरचा समाज असावा लागतो. आपल्यापैकी ज्यांचे कोणी आज ठाण्यास आहे, त्यांनी या महिन्यात भेटीस जावे, रोग्याबरोबर रात्रपाळीच्या परिचारिकेचीही विचारपूस करावी, आणि घरी नेण्याची तारीख विचारूनच परतावे.