सोळा पिनांचं सॉकेट

तुमच्या घरी गेल्या दहा-बारा वर्षांतली चारचाकी असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ हात घालून चाचपा. सोळा पिनांचं एक सॉकेट लागेल, काडेपेटीएवढं. ते तिथे आहे हे बहुतेक मालकांना माहीतही नसतं. माझ्याकडे गाडी आली की हल्ली बॉनेट उघडायच्या आधी मी तिथे वाकतो.

पुण्यात आमचं गॅरेज आहे. दोन गाळे, समोर रस्त्याची कड, आणि सोसायटीवाल्यांशी चालू असलेलं कायमचं शीतयुद्ध. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. लोक मला विचारतात की धंद्यात सगळ्यात मोठा त्रास कशाचा. उधारीचा, भाड्याचा की पोरं टिकत नाहीत त्याचा? हे सगळे त्रास वडिलांनाही होते. त्यांना नव्हता असा एकच त्रास मला आहे, आणि तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईत मोटारी जोडायचं काम जुनं. १९२८मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. भाग जहाजाने यायचे, गाडी इथे उभी राहायची. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचा कारखाना कुर्ल्याला झाला. मग १९५३मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायची तयारी असेल त्यानेच थांबावं. परदेशी जोडणीवाल्यांनी गाशा गुंडाळला. रस्त्यावर उरल्या मुख्यतः तीन गाड्या: ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड.

हा निर्णय घेणाऱ्यांच्या मनात गॅरेजवाला कुठेही नसणार. पण स्वतंत्र गॅरेजचा धंदा या देशात उभा राहिला तो त्याच निर्णयावर, असं माझं मत आहे. कारण पुढची तीस वर्षं गाडी बदललीच नाही. डुक्कर फियाट गेली, डिलाइट आली, १९७४पासून तिला पद्मिनी म्हणायला लागले. दिवे, ग्रिल, दारं बदलली, पण इंजिनाची मूळ घडण तीच राहिली. ज्याने एकदा फियाटचं इंजिन उतरवून बसवलं त्याचं शिक्षण आयुष्यभर पुरलं.

स्कूटरचंही तेच. बजाजने १९६०च्या सुमारास इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवायला घेतली. १९७१मध्ये तो परवाना संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. इतकी वाट पाहून मिळालेली स्कूटर कोण मोडीत काढेल? ती दुरुस्त व्हायची, पुन्हा दुरुस्त व्हायची, मुलाच्या नावावर व्हायची आणि त्यानंतरही दुरुस्तच होत राहायची. कंपनीकडे गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, आमच्याकडे स्कूटर रांगेत उभी होती.

माझे वडील ७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून पुण्यात आले. वय चौदा. एका उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून लागले. पगार नाही, दुपारची भाजीभाकरी, दोन वेळा चहा, झोपायला गॅरेजचाच ओटा. पहिलं वर्षभर त्यांनी रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले. तेही शिक्षणच होतं, कारण धुता धुता कुठला बोल्ट कुठला हे बोटांना पाठ होतं. उस्ताद समजावून काही सांगायचे नाहीत. मान वर न करता हात पुढे करायचे, आणि त्या हातात दहा-अकराचाच पाना पडला पाहिजे. चौदाचा पडला तर तो परत यायचा, हवेतून.

चेतकचं निदान ते प्लगवरून करायला शिकले. प्लग काळा आणि ओला निघाला तर ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक निघाला तर कुठून तरी हवा ओढली जातेय. विटकरी असेल तर इंजिन खूश आहे, दोष दुसरीकडे शोधा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचायची आणि स्कूटर चढाला दम टाकायची. मग सायलेन्सर काढून जाळात तापवायचा, ठोकून काजळी झाडायची. स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणारे काका तुमच्या आजोबांच्या पिढीत घरोघर होते.

भाग लागले तर नाना पेठ. तिथे ओरिजिनल मिळायचं, डुप्लिकेट मिळायचं, आणि दोन्हीच्या मधलं, ज्याला दुकानदार 'कंपनीचंच आहे, फक्त डबा नाही' म्हणायचे, तेही मिळायचं. जे कुठेच मिळायचं नाही ते लेथवाला करून द्यायचा. म्हणजे स्कूटर कंपनीची असली तरी तिचं ज्ञान आकुर्डीच्या कारखान्यात अडकलेलं नव्हतं. ते उस्तादाच्या हातात होतं, लेथवाल्याकडे होतं, नाना पेठेतल्या काउंटरवर होतं.

या काळाबद्दल हळवं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. पोरं पेट्रोल काढायला नळी तोंडात धरून ओढायची, आणि त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभरातून ते हद्दपार झालं २०००मध्ये. ब्रेकच्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ड्रममधली धूळ आम्ही हवेच्या पाइपने उडवायचो, सरळ तोंडासमोर. शिवाय गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नव्हता म्हणून आमचा धंदा होता, हेही खरंच. टंचाईवर वाढलेल्या धंद्याने टंचाईची आठवण काढून रडू नये.

१४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००च्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला दिल्या गेल्या. जपानी बनावटीची, तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची गाडी. जुन्या मिस्त्रींनी तिला खेळणं म्हटलं. ती बिघडायचीच कमी, ही तिची खरी खोडी होती. तरी तिच्यात कार्बोरेटर होता, आणि कार्बोरेटर आहे तोवर स्क्रू ड्रायव्हर आणि कान पुरतात. वडील वर्षभरात मारुती शिकले.

खरा फरक पडला तो दिल्लीच्या धुरामुळे. एप्रिल १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की राजधानीच्या परिसरात त्या जूनपासून युरो-१ आणि एप्रिल २०००पासून युरो-२ मानकांच्याच नव्या मोटारी विकायच्या. कार्बोरेटरने ते मानक गाठणं अवघड होतं. त्याच्या जागी इंजेक्शन आलं: इंजिनावरचे सेन्सर माहिती देणार, एक छोटा संगणक हिशेब करणार आणि तो सांगेल तेवढंच पेट्रोल नोझलमधून फवारलं जाणार. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण संगणकाला पाना लागत नाही. तो बोलतो कोडमध्ये, आणि ते ऐकायला स्कॅनर लागतो. तेच ते सोळा पिनांचं सॉकेट.

इथे नीट लक्ष द्या, कारण लोकांना वाटतं की आम्ही तंत्रज्ञानाला घाबरतो. कोड वाचणं अवघड नाही. ब्लूटूथचं साधं यंत्र तुम्हीही मागवू शकता, फोनवर कोड दिसेल. अडचण पुढे आहे. डिझेल गाडीचा नवा इंजेक्टर बसवला तर त्याच्यावर छापलेला कोड संगणकाला कळवावा लागतो, नाहीतर इंजिन नीट चालत नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी संगणकाला सांगावं लागतं की बाबा रे, आता कॅलिपर सोड. नवी किल्ली जुळवायची तरी तेच. भाग माझ्याकडे आहे, हात माझ्याकडे आहे, गाडीचा मालक माझ्यासमोर उभा आहे, आणि दार उघडायचा अधिकार तिघांपैकी कुणाकडेच नाही. तो कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे.

ही तक्रार नुसती आमची नव्हती. २०११मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला की काही मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. अर्ज तीन कंपन्यांविरुद्ध होता, चौकशी सतरा कंपन्यांपर्यंत गेली. त्यांत प्रीमियरही होती, पद्मिनीवाली. २५ ऑगस्ट २०१४ला निकाल आला आणि चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला.

दंडाचा आकडा तेव्हा पेपरांत गाजला. मला निकालाचा बाकीचा भाग महत्त्वाचा वाटतो. आयोगाने म्हटलं की सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजेत, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. हे आमच्या गिऱ्हाइकांपैकी शंभरात पाच जणांनाही माहीत नाही. बाकीचे ऑइल बदलायलाही घाबरत येतात. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, निसान आणि फोर्ड यांच्याबाबत दोष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी याच हक्कासाठी २०१२मध्ये थेट मतदान केलं होतं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि वाहनं, हे चार गट त्यात आहेत. तुमच्या फोनची बॅटरी बदलायची लढाई आणि माझी लढाई कायद्याच्या एकाच फायलीत आहे.

या सगळ्यात आम्हाला दुचाकीने तारलं. मोटारी इंजेक्शनवर गेल्या तरी बहुतेक स्कूटर-बाइकमध्ये कार्बोरेटर वीस वर्षं टिकला. पोरं शिकवून तयार व्हायची ती त्याच्यावरच. मग १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतूनही तो जवळपास गेला. तारीख बघा. त्याआधी आठवडाभर, २५ मार्चला, देश बंद झाला होता. शटर उघडलं तेव्हा एक आख्खं युग संपलेलं होतं आणि आम्ही सॅनिटायझर शोधत होतो.

आता रोजचा हिशेब सांगतो. आमचा स्कॅनर दीड लाखाला पडला आणि दरवर्षी त्याच्या अपडेटचे पैसे वेगळे. तरी त्यात सगळ्या कंपन्यांचं सगळं उघडत नाही. मागच्या पावसाळ्यात पाण्यात बुडालेली एक गाडी आली. आम्ही वायरिंग दुरुस्त केलं, सेन्सर बदलला, गाडी निर्दोष झाली. पण एका मॉड्यूलमधला जुना दोष पुसायला कंपनीचं लॉगिन हवं होतं. गाडी टो करून अधिकृत वर्कशॉपला न्यावी लागली. तिथे बटण दाबायला लागला पाऊण तास, रांगेत गेले चार दिवस. बिल त्यांचं मोठं, आणि गिऱ्हाइकाच्या मते गाडी तिथे दुरुस्त झाली. तपासून दोष शोधायला आमचे दोन तास गेले असतील तर त्याचे पैसे मागताना आजही जीभ अडखळते. 'नुसतं बघायचे पैसे?' हा प्रश्न ठरलेला. वडिलांच्या काळात बघणं फुकट होतं, कारण बघायला फक्त डोळे लागायचे.

इन्शुरन्सच्या कॅशलेसमुळे ठोकलेली गाडी आमच्याकडे येतच नाही. सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये १८वर आला, ते बरं झालं.

पोरांचं मात्र सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आत्ता दोघं आहेत, एक बीडचा, एक बिहारचा. दोघंही हुशार. वर्षभरात हात बसतो आणि मग डिलिव्हरीची कामं खुणावतात, कारण तिकडे पैसे रोज हातात पडतात. मी त्यांना दोष देत नाही. वडिलांना पाना फेकून मारणाऱ्या उस्तादाने त्यांना पन्नास वर्षं पुरेल असं काहीतरी दिलं होतं. मी या पोरांना जे शिकवतो ते पाच वर्षांनी चालेल की नाही, ते मी ठरवत नाही. त्यासाठी कुणीतरी पासवर्ड द्यावा लागेल. म्हणून बीडच्या पोराला मी रविवारी मल्टिमीटर घेऊन बसवतो. करंट कुठे येतोय आणि कुठे थांबतोय हे शोधायला अजून तरी कुणाचं लॉगिन लागत नाही.

२०२०च्या जानेवारीत चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. पहिल्यांदा मिळायला लागली ती पुण्यात आणि बंगळुरात. आमच्याकडे तिच्यातली एक अधूनमधून येते. मोटरला आणि बॅटरीला आम्ही हात लावत नाही. वडील आता सकाळचे दोन तासच येतात. ते पहिल्यांदा तिच्याभोवती फिरले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, 'हिला सायलेन्सरच नाही की रे.' गेल्या आठवड्यात ती मागच्या ब्रेकच्या आवाजासाठी आली होती. चाक उतरवून शू त्यांनी स्वतः साफ केले, पॉलिश पेपर मारला आणि परत बसवले. तीनशे रुपये झाले. गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही.