रुस्ताकची बंदूक आणि घरातले पदक

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



जिने जन्मभर जखमा बांधल्या त्या बाईने बंदुकीवर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु या विषयाशी माझा संबंध दोन बाजूंनी आला. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस होते, आणि मी स्वतः १९८० नंतरची काही वर्षे ओमान देशात रुस्ताक येथील इस्पितळात काढली. जुन्या लष्करी बंदुका मी तेथे इतक्या पाहिल्या की, त्या ओळखण्याचा छंदच जडला. जमवण्याचा नव्हे, ओळखण्याचा. आपल्या देशात थ्री-नॉट-थ्री ही निषिद्ध बोअरमध्ये मोडते, तेव्हा जमवण्याचा प्रश्नच नाही.

रुस्ताक हे मस्कतच्या पश्चिमेस, जबल अखदरच्या पायथ्याशी वसलेले गाव. तेथे खजुरीच्या बागा, ऊन पाण्याचा झरा आणि मोठा किल्ला आहे. १६२४ साली नासिर बिन मुर्शिद यांची इमाम म्हणून निवड येथेच झाली. हल्लीच्या राजघराण्याचे मूळपुरुष अहमद बिन सईद यांची कबरही येथेच आहे. (त्याच किनारपट्टीवर सोहार येथे ज्यूंची जुनी कबरस्तानेही आहेत, पण तो विषय निराळ्या दिवसाचा.) सणाला किंवा लग्नाला तेथील पुरुष कमरेस खंजर बांधतात आणि पुष्कळांच्या खांद्यावर बंदूक असते.

या बंदुका तीन पिढ्यांच्या असत. सर्वांत जुनी ‘अबू फतीला’, म्हणजे आपली तोड्याची बंदूक. त्यांचा ‘फतीला’ आणि आपला ‘पलिता’ हा एकच शब्द. दुसरी मार्टिनी-हेन्री. हिच्या खालच्या बाजूस एक दांडी असते. ती खाली ओढली की वरची जागा उघडते, आणि एका वेळी एकच काडतूस बसते. तिसरी बोल्टची, ली-एनफिल्ड. बोल्ट म्हणजे दाराचा अडसरच समजा: उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. मागे ओढताना रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलताना पेटीतील दहांपैकी नवे नळीत जाते. २००८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होती ती याच घराण्यातली. आपण सर्वांनी ती छायाचित्रांत पाहिली आहे.

एवढ्या बंदुका एका डोंगराळ मुलखात आल्या कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मस्कत हे शस्त्रव्यापाराचे मोठे बंदर झाले होते. युरोपातील माल उघडपणे तेथे उतरे आणि इराणच्या किनाऱ्यावरून थेट आपल्या वायव्य सरहद्दीपर्यंत पोचे. त्याच बंदुका उद्या आपल्याच पलटणींवर रोखल्या जाणार, हे हिंदुस्थान सरकारने ओळखले. आरमाराने पहारा बसवला. पुढे १९१२ मध्ये सुलतान फैसल बिन तुर्की यांनी, आलेली प्रत्येक बंदूक सरकारी वखारीत ठेवून परवान्यानेच विकावी, असा नियम केला. आतल्या भागातील टोळ्या संतापल्या. त्या रोषाला इतरही कारणे होती, परंतु हे लहान नव्हते. १९१३ मध्ये तनूफ येथे सालिम बिन राशिद अल-खरूसी यांची इमाम म्हणून निवड झाली, आणि जानेवारी १९१५ मध्ये त्यांचे लोक मस्कतजवळ बैत अल-फलज येथपर्यंत चालून आले. त्यांना परतवले ते हिंदी सैन्याने. त्यात १०२ वी ग्रेनेडिअर्स होती, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याची जुनी दुसरी ग्रेनेडिअर पलटण. ही तारीख लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता ओळखण्याविषयी. परिचारिकेला पहिला धडा मिळतो तो औषधाच्या बाटलीवरचे लेबल तीनदा वाचण्याचा: कपाटातून काढताना, ओतताना आणि परत ठेवताना. बंदुकीचेही तसेच. प्रथम अडसर मागे ओढून ती रिकामी असल्याची खात्री करावी. कोणी कितीही शपथा घेतल्या तरी करावी. मग दस्त्याचे लाकूड जेथे लोखंडाला मिळते, तेथे उजव्या बाजूस पाहावे. वर मुकुट असतो. त्याखाली राजाची अक्षरे असतात: व्हिक्टोरियाची व्ही. आर., एडवर्डची ई. आर., जॉर्जची जी. आर. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेल्या बंदुकीवर सम्राटपदाचा ‘आय’ जोडून जी. आर. आय. असे सापडते, प्रजासत्ताकानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याखाली कारखान्याचे नाव, वर्ष, आणि बंदुकीचा प्रकार. तीन आकड्यापुढे छोटा तारा असेल, तर ती १९१६ किंवा त्यानंतरची रचना. पूर्वी काडतुसांच्या पेटीवर एक सरकती पट्टी असे. ती लावली की पेटीतील दहा राखीव राहत आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरी. युद्धाच्या घाईत ही पट्टी व लांब पल्ल्याचा बाजूचा नेम वगळला, त्याची खूण हा तारा. बोल्टच्या दांडीवरचा क्रमांक व मुख्य भागावरचा क्रमांक जुळतो का, तेही पाहावे. न जुळल्यास दोन बंदुकांची मिळून एक केलेली असते.

सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या, पण त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांचे ‘एन’ अक्षर कधी उलटे पडे, आणि व्ही. आर. खाली १९०५ किंवा १९१० असे वर्ष ठोकलेले सापडे. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. अशी बंदूक हाती आल्यावर मला हसू येई. कामाविषयी मात्र आदरच वाटे.

एका वृद्ध गृहस्थांच्या पायाची मधुमेहाची जखम मी कित्येक महिने बांधत असे. ईदला त्यांनी घरी बोलावले. कहवा आणि खजूर झाल्यावर गोधडीत गुंडाळलेली बंदूक बाहेर आली. त्यांच्या वडिलांनी ती बैत अल-फलजच्या लढाईत एका हिंदी शिपायाकडून हिसकावून घेतली, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. आणि मी हिंदी, म्हणून जरा मिश्कीलपणेही. मुलगा ती मस्कतच्या एका व्यापाऱ्याला विकणार होता, आणि त्या कहाणीमुळे किंमत पुष्कळ चढली होती. शाळकरी नातू म्हणाला, “सिस्टर, हे इंग्रजी वाचून दाखवा.”

मी वाचले. मुकुट, जी. आर., एनफिल्ड, १९१७, तीन आणि तारा. शेजारी हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण होती, बाण आणि ‘आय’. म्हणजे बंदूक हिंदी फौजेचीच होती. पण लढाई झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

पाहुणी म्हणून गप्प बसता आले असते. परंतु कोणीतरी त्या कहाणीचे पैसे मोजणार होते, आणि मुलाने मला सरळ विचारले होते. मी वर्ष सांगितले. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. वृद्ध मात्र बराच वेळ बोटे मोजत राहिले आणि मग हळूच म्हणाले की, लढाईची बंदूक वडिलांनी विकली होती; फलजचे पाणी आटले आणि खजुरी वाळल्या त्या वर्षी. ही पुढे मतराहच्या बाजारातून घेतलेली. दोन्ही एकाच खुंटीला टांगल्या गेल्या, म्हणून कहाणी एकीची दुसरीला चिकटली. नातवाला हे सर्व नवीन होते. तो दुष्काळाविषयी विचारत राहिला, आणि आजोबा संध्याकाळपर्यंत बोलत होते. बंदूक विकली गेली. कितीला, ते मी विचारले नाही.

त्यांच्या पट्ट्यात चार काडतुसे होती. बुडावर ‘के’, बाण आणि ‘एफ’. खडकीचा शिक्का, आणि वर्ष माझ्या वडिलांच्या नोकरीच्या काळातले. ते काडतूस हातात घेऊन मी किती वेळ बसले असेन, सांगता येत नाही.

सुटीवर आले तेव्हा मी आमच्या घरचे पदक पेटीतून काढले. आमच्याकडे प्रत्येक मलिद्याला ऐकू येणारी गोष्ट अशी की, पणजोबा थ्री-नॉट-थ्री घेऊन कंदाहारला लढले. कंदाहारची लढाई १८८० ची. थ्री-नॉट-थ्रीची पहिली बंदूक, ली-मेटफर्ड, आली १८८८ मध्ये. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याची रीत होती. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री होती तेव्हा आपल्याकडे स्नायडर. पदकाची कड भिंगाखाली धरली. कडेवर पणजोबांचे नाव, हवालदार हा हुद्दा आणि मुंबई पायदळाची पलटण कोरलेली होती. वरची पट्टी ‘बर्मा १८८५-७’ अशी. पणजोबा कंदाहारला नव्हते, ब्रह्मदेशात होते.

माझे थोरले बंधू त्यानंतर वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांनी कंदाहार हे नाव मुलांच्या शाळेच्या निबंधापर्यंत पोचवले होते.

सामाजी हसाजी दिवेकरांपासून आपले लोक मुंबईच्या फौजेत होते. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला, त्यात आपल्या अंमलदारांची यादी आहे. हवालदार, नाईक आणि शिपाई तिच्यात येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातवार कंपन्यांची पद्धत आली, आणि आपली संख्या कंपनीपुरती नसल्याने आपली तरुण मंडळी रेल्वे, पोस्ट आणि इस्पितळांकडे वळली. त्या साध्या शिपायांचा लेखी पुरावा बहुतेक घरांत पदकाच्या कडेवर तेवढा उरला आहे.

पुढील महिन्यात शब्बाथ वगळून कोणत्याही संध्याकाळी पदके, पेन्शनचे कागद, जुनी छायाचित्रे घेऊन यावे. मी भिंग घेऊन येथे बसेन. फक्त एक विनंती आहे. आणण्यापूर्वी पदक घासून चकचकीत करू नका. पॉलिशने प्रथम झिजते ते कडेवरचे नाव.